शेपटीकडे जाणाऱ्या दोन तारा

१९७३ साली म्हैसुरात एक पुस्तक छापलं गेलं. नाव ‘वैमानिक शास्त्र’. जी. आर. जोस्येर यांनी ते इंग्रजी अनुवादासह काढलं. पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात सांगितलेले संस्कृत श्लोक त्यात आहेत. त्यांच्या सांगण्यावरून एल्लप्पा नावाच्या ड्राफ्ट्समननं १९२३ मध्ये काढलेले विमानांचे आराखडेही आहेत. पुढच्याच वर्षी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी हे आराखडे अभियांत्रिकीच्या कसोटीवर तपासले. त्यांत एच. एस. मुकुंद होते, एस. एम. देशपांडे होते. ग्रंथाची भाषा प्राचीन नाही, तो विसाव्या शतकातला आहे आणि यातलं एकही विमान उडू शकणार नाही, असा त्यांचा निर्वाळा.

तळपद्यांच्या १८९५ च्या चौपाटीवरच्या उड्डाणाची गोष्ट ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हा निर्वाळा टोचतो, हे मला ठाऊक आहे. मलाही शाळकरी वयात टोचला असता. पण आज ते आराखडे समोर आले की माझं मन प्राचीन की अर्वाचीन या वादात अडकत नाही. चित्रात पंख आहेत, पक्ष्यासारखी शेपटी आहे. मी एवढंच विचारतो की, आत बसलेल्या माणसानं हात मागे ओढला तर त्या शेपटीपर्यंत काय पोचतं? कोणत्या वाटेनं पोचतं? आणि वाटेत ते कुठे अडकणार नाही, याची खात्री कुणी केली?

विमान घरी बांधणाऱ्या माणसाला हाच प्रश्न सर्वांत जास्त दिवस छळतो. पंख बांधून होतात, इंजिन बसतं, रंगही लागतो. मग एके दिवशी बैठकीपासून शेपटीपर्यंत दोन तारा ओढायच्या असतात. हे प्रकरण त्या दोन तारांचं आहे.

म्हैसूरच्या वाट्याला विमानांची आणखी एक गोष्ट आली आहे, आणि तिच्यात मराठी माणसं ठळक आहेत. सोलापूरचे वालचंद हिराचंद विमानांचा कारखाना काढायची जिद्द धरून होते. जागा आणि भांडवल घेऊन त्यांच्यामागे उभं राहिलं ते म्हैसूर संस्थान. डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी नोंदली गेली. तिथे पुढे मुख्य अभिकल्पक झाले ते विष्णु माधव घाटगे, कोल्हापूरकडच्या हसूरचे. गोटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आलेले, भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी विभाग उभा करणारे. त्यांनी आखलेलं एचटी-२ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान १९५१ च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी पहिल्यांदा उडवलं. स्वतंत्र भारतात आखून बांधलेलं ते पहिलं विमान. पुढे दीडशेहून अधिक बनली. त्याच घाटग्यांच्या हातून नंतर ‘किरण’ आलं, आणि सूर्यकिरण पथकानं पंधरा वर्षं कसरती केल्या त्या याच ‘किरण’वर.

एचटी-२ मध्ये शिकाऊ आणि शिक्षक एकामागे एक बसत. दोघांच्या हातात एकेक दांडी, आणि दोन्ही दांड्या एकाच जोडणीत बांधलेल्या. शिकाऊनं चूक केली की शिक्षकाच्या तळव्याला ती कळायची. या जोडणीविषयी बोलायला मला म्हणूनच आवडतं. ती हातांना हातांशी बोलू देते.

*

एलिव्हेटर म्हटलं की आपल्याला इमारतीतली लिफ्ट आठवते. विमानात त्याचा अर्थ वेगळा आहे. शेपटीला आडवा छोटा पंख असतो. त्याच्या मागच्या कडेला बिजागऱ्यांवर जो फळा वरखाली हलतो, तो एलिव्हेटर. वैमानिकानं दांडी मागे ओढली की हा फळा वर उचलला जातो. वर उचललेल्या फळ्यामुळे शेपटीवर खालच्या दिशेनं जोर पडतो. विमान आपल्या गुरुत्वमध्याभोवती सी-सॉसारखं कलतं: शेपूट खाली, नाक वर. नाक वर झालं की मुख्य पंख हवेला अधिक तिरके भिडतात आणि अधिक उचल देतात. म्हणजे विमान वर चढतं ते मोठ्या पंखांच्या बळावर. पण त्या पंखांनी किती तिरकं व्हायचं, हे मागच्या या लहानशा फळ्यावर ठरतं.

राइट बंधूंनी हा फळा पुढे, नाकापाशी बसवला होता. १७ डिसेंबर १९०३ ला ऑर्व्हिलचं पहिलं उड्डाण बारा सेकंद टिकलं आणि १२० फूट गेलं. त्या बारा सेकंदांत विमान सारखं वरखाली होत राहिलं. फळा मध्याच्या फार जवळ तोललेला होता, त्यामुळे हलवायला लागलं की तो आपणहून पुढे फिरायचा आणि हवा त्याहून जास्त फिरायचा, असं ऑर्व्हिलनं नंतर नोंदवलं आहे. उडण्याचा प्रश्न त्यांनी सोडवला होता. नाक ताब्यात ठेवण्याचा प्रश्न त्यांना पुढची दोन वर्षं पुरला.

फळा वर जितका जातो तितका खाली जात नाही, ही गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. सेसना १७२ या जगात सर्वाधिक बनलेल्या विमानात तो वर २८ अंश आणि खाली २३ अंश जातो. त्याच्या धाकट्या भावंडात, सेसना १५० मध्ये, वर २५ आणि खाली फक्त १५. याचं कारण उतरण्यात आहे. धावपट्टीला टेकण्याच्या क्षणी वेग सर्वांत कमी असतो, शेपटीवर हवेचा जोर कमी असतो, पुढे दोन धिप्पाड माणसं बसलेली असतील तर नाक जड असतं, आणि नेमकं तेव्हाच नाक उचलून धरायचं असतं. त्यासाठी फळा भरपूर वर जावा लागतो. खालचे अंश कमी आहेत म्हणून ते कमी महत्त्वाचे, असं मात्र कुणी समजू नये. त्यांची गरज लागते तेव्हा काय होतं, ते पुढे येईलच.

घरी विमान बांधणाऱ्यांच्या इतिहासात या विषयाचा एक फार दुःखद धडा आहे. आंरी मिन्ये या फ्रेंच माणसानं १९३० च्या दशकात एक चिमुकलं विमान आखलं आणि ते कसं बांधायचं याचं पुस्तक १९३४ मध्ये लिहिलं. ‘आकाशातली पिसू’ या नावानं ते युरोपभर गाजलं. सुतारकाम येणाऱ्या शेकडो लोकांनी आपल्या गाडीखान्यांत ते बांधायला घेतलं. त्यात एलिव्हेटर नव्हताच. दांडी ओढली की पुढचा सगळा पंखच कलायचा. मग माणसं मरू लागली. १९३६ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्समधल्या मोठ्या वातबोगद्यांत तपासणी झाली. एका मर्यादेपलीकडे नाक खाली गेलं की दांडी पूर्ण मागे ओढूनही ते वर येत नव्हतं, असं दिसून आलं. ज्यांनी स्वतःच्या हातांनी फळी न् फळी घासली होती, त्यांना ही मर्यादा ठाऊक असण्याचा काही मार्ग नव्हता. त्यांच्या कारागिरीत खोट नव्हती. म्हणूनच ती गोष्ट वाचताना मला जास्त त्रास होतो.

*

आपल्याकडचं उदाहरण सर्वांना माहीत आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातले कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत, कांदिवलीच्या चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. ते क्रेननं गच्चीवरून खाली उतरवावं लागलं होतं. नोंदणी व्हायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर ते हवेत गेलं. लोकांना यात गच्ची आठवते, क्रेन आठवते, सरकारी कागदांशी झालेली झुंज आठवते. मला त्या गच्चीवरची शांत संध्याकाळ आठवावीशी वाटते, जी कुणी टिपली नसणार: बांधणाऱ्यानं आत बसून पहिल्यांदा दांडी मागे ओढली आणि मान वळवून शेपटीकडे पाहिलं, ती. प्रत्येक घरगुती विमानाच्या आयुष्यात अशी एक संध्याकाळ असतेच.

दांडीपासून फळ्यापर्यंत हालचाल नेण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे ताठ नळ्या. नळी ढकलता येते आणि ओढताही येते, त्यामुळे एकच पुरते. आज लोकप्रिय असलेल्या बऱ्याच किट विमानांत हीच पद्धत आहे. दुसरा मार्ग पोलादी तारांचा. तार फक्त ओढता येते, ढकलता येत नाही. म्हणून दोन लागतात: एक फळा वर ओढणारी, एक खाली ओढणारी. तारा वजनाला हलक्या, पुलीवरून हव्या त्या कोपऱ्यातून वळवता येतात, आणि घरच्या कार्यशाळेत जमतात.

‘तार’ हा शब्द तिच्यावर थोडा अन्याय करतो. प्रत्यक्षात तो बारीक दोर असतो. लहान विमानांत सहसा वापरतात तो दोर एक अष्टमांश इंच जाडीचा, म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटरांचा. त्यात सात पेड असतात आणि प्रत्येक पेडात एकोणीस तंतू. एकूण १३३. असा जस्ताचा मुलामा दिलेला दोर सुमारे नऊशे किलोंचा ओढा सोसतो. इतके बारीक तंतू का? पुलीवरून हजारो वेळा वाकायचं म्हणून. एकच जाड तार असती तर वाकून वाकून तुटली असती. दोर झिजतो तोही तंतू-तंतूनं, बहुधा पुलीपाशी किंवा तो कशाला घासतो तिथे. तपासणीची रीत जुनी आहे: कापडाचा तुकडा हातात धरून दोरावरून फिरवायचा. तुटलेला तंतू कापडाला अडकतो. उघड्या हातानं हे करायचं नाही. तुटका तंतू सुईसारखा बोटात शिरतो.

आता जोडणी. पहिल्यांदाच विमान बांधणारा माणूस इथे हमखास थबकतो.

दांडी तळाशी एका खिळीवर मागेपुढे डोलते. समजा, एक तार दांडीला खिळीच्या वर बांधली आहे आणि दुसरी खिळीच्या खाली निघालेल्या शेंड्याला. मागे फळ्याला एक उभी पट्टी असते, बिजागरीच्या वर एक टोक आणि खाली एक टोक. तिला हॉर्न म्हणतात. सहज मनात येतं की वरची तार वरच्या टोकाला आणि खालची खालच्या टोकाला. नीटनेटकं दिसतं, तारा समांतर जातात, कुठे घासत नाहीत. आणि तसं जोडलं तर विमान उलटं वागतं.

हात लावून बघा. दांडी मागे ओढली की खिळीच्या वरचा भाग मागे येतो आणि खालचा शेंडा पुढे जातो. पुढे जाणारा शेंडाच तार ओढू शकतो. आपल्याला फळ्याची मागची कड वर उचलायची आहे. त्यासाठी हॉर्नचं वरचं टोक पुढे ओढलं गेलं पाहिजे. म्हणजे दांडीच्या खालच्या शेंड्याची तार हॉर्नच्या वरच्या टोकाला, आणि दांडीच्या वरच्या भागाची तार हॉर्नच्या खालच्या टोकाला. अशा साध्या जोडणीत विमानाच्या पोटात दोन्ही तारा एकमेकींना ओलांडून जातात. बरोबर जोडणी फुलीसारखी दिसते आणि चुकीची सरळ. मधे बेलक्रँक, म्हणजे दिशा बदलणारा कोनाकृती दांडा, आला की हिशेब पुन्हा फिरतो. म्हणून ‘तारा ओलांडायच्या’ असा नियम पाठ करून चालत नाही. प्रत्येक विमानात तो हातानं पडताळावा लागतो. जिथे तारा ओलांडतात, तिथे त्या एकमेकींना शिवू नयेत म्हणून थोड्या बाजूला सारलेल्या असतात किंवा फेअरलीड नावाच्या गुळगुळीत चकतीच्या भोकातून नेलेल्या असतात.

उलट्या जोडणीनं फार मोठी माणसं नेली आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या लँकेस्टर बॉम्बफेकी विमानाचे अभिकल्पक रॉय चॅडविक २३ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्लंडमध्ये वुडफर्डला आपल्याच ट्यूडर विमानाच्या चाचणी उड्डाणात गेले. पंखांवरच्या फळ्यांच्या, एलेरॉनच्या, तारा रात्रीच्या दुरुस्तीत उलट्या जोडल्या गेल्या होत्या. कारखाना मोठा होता, माणसं तरबेज होती. गच्चीवर एकट्यानं काम करणाऱ्यानं म्हणून स्वतःला कमी लेखू नये, आणि निर्धास्तही राहू नये.

*

तारा योग्य टोकांना लागल्या की रिगिंग सुरू होतं. मराठीत याला चपखल शब्द रूढ नाही. वाद्य लावणं म्हणतो तसं हे विमान लावणं आहे. आधी विमान पातळीत आणायचं, पुढून आणि बाजूनं. मग दांडी तिच्या मधल्या जागी शिकंज्यानं घट्ट बांधायची. मागे फळा शेपटीच्या पंखाशी सरळ रेषेत आणून लाकडी पट्ट्यांनी दाबून ठेवायचा. आता दोन्ही टोकं हलत नाहीत; उरल्या फक्त तारा, आणि त्यांचा ताण.

ताण बसवायला प्रत्येक तारेत टर्नबकल असतो. पितळी नळी, तिच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे. नळी एका दिशेनं फिरवली की दोन्ही टोकं आत येतात, उलटी फिरवली की बाहेर. तंबोरा लावताना खुंटीनं सूर जवळ आणतात आणि घोडीखालचा मणी सरकवून शेवटचा बारीक फरक काढतात. टर्नबकल हा तारेचा मणी आहे. मिरजेच्या तंबोरा करणाऱ्यांच्या बोटांत जी सवय असते, तीच इथे लागते: एक तार थोडी ताणायची, लगेच दुसरीकडे जायचं, पुन्हा पहिलीकडे यायचं. एकाच तारेला जोर लावला तर फळा मधली जागा सोडून सरकतो. ताण बसला की नळीच्या दोन्ही टोकांना तीनहून अधिक आटे बाहेर दिसू नयेत. दिसले तर पकड पुरेशी नाही; तार लांबीला चुकली आहे, ती नव्यानं करावी लागते. वाया गेलेली तार पाहून वाईट वाटतं. वाटू द्यावं, पण ती लावू नये.

किती ताण? सेसना १७२ च्या एलिव्हेटरला सुमारे तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलोंच्या आसपास, दहा पौंड इकडेतिकडे. तो मोजायला ताणमापक असतो. तारेला चिमटा घेतल्यासारखा तो बसतो आणि काटा आकडा दाखवतो. ढिल्या तारा पुलीवरून उतरू शकतात आणि हातातला हुकूम उशिरा पोचवतात. फार ताणलेल्या तारा पुल्यांवर आणि बिजागऱ्यांवर दाब देतात, दांडी जड होते, आणि वैमानिकाच्या हाताला हवेचा दाब कळेनासा होतो. दुसरा दोष मला अधिक भीतीदायक वाटतो, कारण कार्यशाळेत तो नीटसपणासारखा दिसतो.

म्हैसूरला रेशमाचा कारखाना १९१२ पासून आहे. मागावर ताण्याचे हजारो धागे सारखे ताणलेले ठेवण्याची कला तिथल्या विणकरांना चांगली ठाऊक आहे, आणि हवा बदलली की धाग्याचा ताणही बदलतो, हेही. विमानाच्या तारेचं तसंच आहे. अॅल्युमिनियम उन्हानं पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. समजा, अॅल्युमिनियमच्या धडात चार मीटर लांबीची पोलादी तार आहे. म्हैसुरातल्या डिसेंबरच्या गार सकाळी पंधरा-सोळा अंशांना ती लावली आणि एप्रिलच्या दुपारी धडाचं तापमान वीस अंशांनी वाढलं, तर धड तारेपेक्षा जवळजवळ एक मिलिमीटर जास्त लांबतं. एक मिलिमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण तीन मिलिमीटरांच्या त्या ताठ दोरावर तेवढ्यानं सहा-सात किलोंपर्यंत ताण वाढू शकतो. धड आणि पुल्यांचे आधार किंचित लवतात, म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी. साडेतेरा किलोंच्या ताणात ही भर निम्मी आहे. धड लाकडी असेल तर उलटं होतं: लाकूड तंतूंच्या दिशेनं फारसं वाढत नाही, तार वाढते, आणि दुपारी ती ढिली पडते. पोलादी नळ्यांचं धड असेल तर दोघं बरोबर वाढतात आणि बांधणाऱ्याची झोप शांत राहते. म्हणून ताणाच्या आकड्याशेजारी तापमान लिहून ठेवायचं असतं.

मग अंश मोजायचे. फळ्यावर कोनमापक ठेवून मधल्या जागेला शून्य धरायचं, दांडी पूर्ण मागे, वाचायचं. पूर्ण पुढे, वाचायचं. फळा जिथे थांबतो तिथे ठोकळे किंवा बोल्ट असतात, त्यांना स्टॉप म्हणतात. ते शेपटीपाशी असावेत. जमिनीवर उभ्या विमानाचा फळा मागून आलेल्या वाऱ्यानं आदळला, तर तो धक्का शेपटीतच थांबतो, तारांपर्यंत येत नाही. दांडी पूर्ण ओढून फळा स्टॉपला टेकला तरी दांडी आणखी जराशी जाते आणि हात सैल सोडला की मागे येते. ही लहानशी उसळी बघून समजतं की, थांबवलं ते शेपटीनं. बैठकीखालच्या एखाद्या पट्टीनं किंवा सीटच्या उशीनं थांबवलं नाही.

रंगाचंही बघायला लागतं. फळा बिजागरीच्या पुढे वजन लावून तोललेला असतो, नाहीतर जास्त वेगात तो झेंड्यासारखा फडफडू लागतो आणि शेपूटच उखडते. हौसेनं मागच्या कडेपर्यंत दोन थर जास्त रंग दिला की तोल बिघडतो. रंगवल्यानंतर तोल पुन्हा तपासायचा, हे साधं काम आहे आणि हमखास विसरलं जाणारं.

*

१९३५ च्या ३० ऑक्टोबरला अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचं मोठं नवं विमान, मॉडेल २९९, लष्करापुढे उडालं, उभं चढलं आणि कोसळलं. जमिनीवर वाऱ्यानं फळे हलू नयेत म्हणून लावलेली कुलपं काढायची राहिली होती. एलिव्हेटर जाम होता. मेजर प्लॉयर हिल आणि बोइंगचे लेस्ली टॉवर यांचा जीव गेला. विमान उडवण्यापूर्वी वाचायची यादी, आज प्रत्येक वैमानिकाच्या हातात असते ती, या अपघातानंतर रुजली. यादीतली ‘कंट्रोल्स मोकळे आणि बरोबर’ ही ओळ वाचताना दांडी सर्व बाजूंना पूर्ण फिरवायची असते. ‘मोकळे’ तपासणं सोपं आहे. ‘बरोबर’ हा शब्द घाईत उच्चारला जातो.

पण मी ज्या अपघाताकडे पुन्हा पुन्हा वळतो तो ८ जानेवारी २००३ चा, शार्लट शहरातला. एअर मिडवेस्टचं एकोणीस प्रवासी नेणारं बीच १९०० विमान धावपट्टी सोडून वर गेलं. नाक चढतच राहिलं. वैमानिक दोघं मिळून दांडी पुढे ढकलत होते. चाळीस सेकंदांच्या आत विमान विमानतळावरच्या एका हँगरवर कोसळलं आणि आतले एकवीसही जण गेले. चौकशीत दोन गोष्टी सापडल्या. एक, प्रवाशांची आणि सामानाची वजनं सरासरीनं धरली होती आणि खरी वजनं जास्त होती. विमान मागे जड झालं होतं. दुसरी, दोनच दिवसांपूर्वी दुरुस्तीत एलिव्हेटरच्या तारांचा ताण बसवताना टर्नबकल असे फिरवले गेले होते की फळा खाली जायचा तो जेमतेम निम्माच जात होता. काम करणाऱ्या कारागिराची या प्रकारच्या विमानावर ती पहिलीच वेळ होती. पुस्तिकेतल्या काही पायऱ्या वगळल्या गेल्या. त्याला शिकवणारा आणि त्याचं काम तपासणारा माणूस एकच होता.

दुरुस्तीनंतर तेच विमान काही वेळा उडून सुखरूप उतरलंही होतं. वजन पुढे होतं तोवर त्या हरवलेल्या अंशांची कुणाला गरजच पडली नाही. ताण बरोबर होता. मधली जागाही ठीक वाटली असेल. चुकले होते फक्त शेवटचे अंश, आणि कोनमापक लावल्याशिवाय ते दिसत नाहीत.

म्हणूनच कंट्रोलच्या जोडण्यांना दुहेरी तपासणी असते. ज्यानं काम केलं त्यानं तपासायचं, आणि ज्यानं काम केलं नाही अशा दुसऱ्या जाणकारानं नव्यानं, पहिल्याचा आकडा न बघता तपासायचं. घरी विमान बांधणाऱ्याला हे जड जातं. वर्षानुवर्षं एकट्यानं काम केलेलं असतं. कोणता बोल्ट कोणत्या रविवारी बसवला हे त्याला आठवतं. पण त्या आठवणीमुळेच त्याचा डोळा चुकीवरून सरकतो. तार बरोबर लावली आहे हे त्याला ‘माहीत’ असतं. दुसऱ्याला ते माहीत नसतं, त्यामुळे तो बघतो. शेजारचा इंजिनिअर, फ्लाइंग क्लबातला जुना मेकॅनिक, कुणीही. त्याला चहा पाजून, पुस्तिका हातात देऊन, आपण गप्प राहायचं. एवढ्या सगळ्या कामात गप्प राहणंच बहुधा सर्वांत कठीण जात असेल.

तपासणीचा शेवटचा भाग दोघांनी मिळून करायचा. एक जण आत बसतो, पट्टे बांधून, उड्डाणाला बसेल तसाच. कारण पट्टे बांधले, कोट घातला, मांडीवर नकाशा ठेवला की दांडी मागे किती येते ते बदलतं. दुसरा शेपटीपाशी उभा राहतो. आतला मोठ्यानं सांगतो, ‘मागे.’ मागचा जे दिसतं तेवढंच सांगतो, ‘कड वर.’ ‘पुढे.’ ‘कड खाली.’ ‘बरोबर’ हा शब्द मागच्यानं वापरायचा नाही. मग मागचा फळा दोन्ही हातांनी घट्ट धरतो आणि आतला दांडी ओढतो, नेहमीपेक्षा जोरात. इथे लपलेलं सगळं बाहेर येतं. एखाद्या पुलीचा आधार वाकतो, एखादी तार थरथरते, बैठकीखालून बारीक कुरकुर ऐकू येते. आतल्याची दांडी जितकी सरकली तितकी ती हवेतही सरकणार आहे, फळा न हलता.

आवाज आला तर तो सापडेपर्यंत थांबायचं. नाही आला तर टर्नबकलांना लॉकवायर घालायची, म्हणजे नळी कंपनांनी आपणहून उलटी फिरणार नाही. तारेची टोकं आत वळवायची. खिळींत कॉटर पिना आहेत ना, हे आरसा आणि बॅटरी घेऊन पुली-पुलीपाशी बघायचं. प्रत्येक पुलीला तार न सुटण्यासाठी अडणी आहे ना, तेही. वहीत अंश, ताण, तापमान, तारीख आणि दोघांच्या सह्या.

मग पोटाखालचं झाकण हातात घ्यायचं, आणि ते लावण्यापूर्वी जमिनीवर पसरलेल्या फडक्यावर हत्यारं मांडून मोजायची. पाने सात, पक्कड दोन, आरसा एक, बॅटरी एक. सकाळी आत गेलेले पाने आठ होते. झाकण बाजूला ठेवायचं, पुन्हा पाठीवर झोपून आत सरकायचं आणि आठवा पाना शोधायचा.